बेदाण्यातली पाकोळी खिडकीतून येत नाही

कोठीघर : वाचकांचे प्रश्न

मे महिन्यात या सदराकडे लोणच्याच्या बुरशीची पत्रं येतात आणि आषाढ लागला की सुक्यामेव्याच्या किडीची. यंदा कोपरीपासून नेरुळपर्यंत सगळ्यांचा सूर इतका सारखा आहे, की हे पूर्ण सदर त्याच विषयाला दिलं आहे. बहुतेकांनी एक अट घातली आहे : औषध नको. अट मला मान्य आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका शीतगृहात मी नोकरीची बरीच वर्षं माल तपासला. अंजीर फोडून बघायचे, बेदाणे चाळायचे आणि गाडी आत घ्यायची की परत पाठवायची ते सांगायचं. खायच्या वस्तूला औषध न लावता कीड मारता येते हे तिथे रोज दिसायचं. त्यामुळेच लवंगा नि तमालपत्रांबद्दल माझं मत जरा कडक आहे. वाचकांनी ते सांभाळून घ्यावं.

प्रश्न : दिवाळीच्या आधी आम्ही चार घरांनी मिळून वाशीच्या मसाला मार्केटमधून बेदाणे, अंजीर आणि जर्दाळू घेतले. लाडवांतून उरलेले बेदाणे स्टीलच्या डब्यात, लवंगा आणि तमालपत्र घालून ठेवले होते. परवा डबा उघडला तर बेदाण्यांच्या गाठी झालेल्या, आत पांढरी जाळी आणि रात्री ट्यूबलाइटभोवती बारीक पाकोळ्या. डबा बंद होता, मग त्या आत शिरल्या कुठून? व्यापाऱ्याने जुना माल दिला का?
— एक गृहिणी, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : त्या शिरल्या नसाव्यात. बहुधा तुमच्याच पिशवीतून घरी आल्या, अंड्याच्या रूपात. हे अंडं अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं, मळकट पांढरं. बेदाण्याच्या सुरकुतीत किंवा अंजिराच्या बुडाशी चिकटलेलं असतं. चष्मा लावूनही ते दिसत नाही. माझ्या टेबलावर भिंग असायचं, तरी दर वेळी सापडायचंच असं नाही.

ट्यूबलाइटवरची पाकोळी पंख मिटून बसली की नीट पाहा. सेंटिमीटरभर लांब, डोक्याकडचा भाग फिकट राखाडी आणि मागचा तांबूस तपकिरी, असे दोन रंग दिसले तर ती प्लोडिया. सुक्यामेव्याची जगभरची सगळ्यांत मोठी शत्रू. सगळी एकसारखी करडी असली तर तिची चुलत बहीण काड्रा, जी बदामावर आणि अंजिरावरही येते. दोघींचा बंदोबस्त एकच असल्यामुळे ओळख पटली नाही तरी बिघडत नाही.

प्लोडियाची मादी शंभर ते चारशे अंडी घालते. तीस अंशांच्या आसपास, म्हणजे ठाण्याच्या नेहमीच्या हवेत, अंड्यापासून पाकोळीपर्यंतचा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. थंड देशांत तिची अळी हिवाळाभर निपचित पडून राहते. कोपरीत डिसेंबरातही तिच्यावर तशी पाळी येत नाही. दिवाळी ते आषाढ आठ महिने झाले. दोन-चार अंड्यांपासून सुरुवात झाली असेल तरी आता गाठी का झाल्या, हे ध्यानात येईल.

खाण्याचं काम सगळं अळीचं. पाकोळी फक्त जोडीदार शोधते, अंडी घालते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मरते. म्हणून रॅकेट घेऊन पाकोळ्यांमागे धावण्यात संध्याकाळ जाते, कीड जात नाही. अळी मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, वाढल्यावर सेंटिमीटरभराची. चालते तिथे तोंडातून धागा सोडते, ती तुमची जाळी. पोट भरलं की मात्र ती डबा सोडते. भिंतीवर चढते, छताच्या कोपऱ्यात, फडताळाच्या बिजागरीत, स्क्रूच्या भोकात, कॅलेंडरच्या मागे जाऊन कोष करते. “डब्यात काही नाही, पण छतावर अळ्या चालताहेत” असं पत्र मला दर पावसाळ्यात येतं. अशा वेळी छत पुसून थांबू नका, खालचे सगळे डबे उघडून बघा.

आता व्यापाऱ्याचं. त्याला लगेच दोष देऊ नका. सांगली-तासगावकडे फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं सुकतात, शेडमध्ये जाळ्यांवर, साधारण दोन आठवडे. तिथून बेदाणा शीतगृहात जातो. चार-पाच अंशांवर किडीची वाढ बंद असते. पण माल शीतगृहातून बाहेर पडला आणि वाशीच्या उकाड्यात, मग दुकानाच्या उघड्या पोत्यात आला, की कीड पुन्हा कामाला लागते. यांतल्या कोणत्याही टप्प्यावर एक मादी येऊन गेली असेल. ती नेमकी कुठे आली हे शोधून तुमच्या हाती काही लागणार नाही. ती आलीच आहे, असं धरून चाललेलं बरं.

लवंगेच्या उग्र वासाने पाकोळी थोडी बिचकत असेलही. पण अंडं आधीच बेदाण्यावर बसलेलं आहे, त्याला नाक नाही. लवंग महाग झाली आहे, ती मसालेभातात घाला. कडुनिंबाचा पाला, पारद टिकड्या यांचीही गत तीच. बोरिक पावडर तर सुक्यामेव्याच्या आसपासही नको. धान्य आपण पाखडतो, धुतो, शिजवतो. बेदाणा थेट तोंडात जातो.

सध्या काय करायचं ते सांगते. जाळी धरलेला भाग चाळत, निवडत बसू नका. त्यात अळीची विष्ठा आणि कातही असते. पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर, ओल्या कचऱ्यात. वरवर स्वच्छ दिसणारे अंजीर-जर्दाळू वेगळ्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये (पुढचं उत्तर वाचा). मग फडताळ पूर्ण रिकामं करा. शेंगदाणे, सुकं खोबरं, रवा, पोह्यांचं उघडं पाकीट, पोपटाचं खाद्य, दिवाळीत आलेलं नि कुणी न उघडलेलं मिठाईचं खोकं, सगळं तपासा. माझ्या अनुभवात मूळ सापडतं ते बहुतेकदा अशा विसरलेल्या खोक्यातच. फळीवर अंथरलेले कागद फेकून द्या, फटींतून व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी फिरवा आणि आतली धूळ लगेच बाहेर टाका. फळ्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या करा. फवारा मारायची गरज नाही, खाण्याच्या फडताळात तर मुळीच नाही. त्यानंतरही दीड महिना एखाद-दुसरी पाकोळी दिसेल. ती आधीच्या कोषातली असते, त्याने घाबरू नका. दीड महिन्यानंतरही दिसत राहिली तर एखादा डबा तपासायचा राहिला आहे.

आणि तो स्टीलचा डबा. दाबून बसणाऱ्या झाकणाला आपण बंद म्हणतो, पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीला त्याच्या कडेची फट पुरते. रबरी रिंग असलेल्या काचेच्या बरण्या घ्या.

प्रश्न : सुकामेवा फ्रीझरमध्ये ठेवावा असं ऐकलं. किती दिवस? आमचा फ्रिज एका दाराचा आहे. शिवाय बाहेर काढल्यावर सगळं ओलं होतं, चिकट होतं, त्याचं काय?
— वाचक, घणसोली

उत्तर : घरगुती उपायांत याच्या तोडीचा दुसरा नाही. उणे १८ अंशांवर चार दिवस. अंडी, अळ्या, कोष, पाकोळ्या, खारकेतले भुंगेरे, सगळं मरतं. खरं तर त्या तापमानाला कीड काही तासांतच मरते. बाकीचे दिवस लागतात ते थंडी पिशवीच्या मध्यापर्यंत पोचायला. म्हणून दोन किलोचं गाठोडं कोंबू नका. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा आणि त्या एकमेकींवर न रचता पहिल्या दिवशी तरी सुट्या ठेवा.

एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जाईलच असं नाही. काही कप्पे उणे सहावरच थांबतात, काही उणे बारावर. फ्रिजवरचे तारे बघून अंदाज बांधू नका, ते विजेच्या बचतीचे आहेत. फ्रीझरमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो एकदा रात्रभर आत ठेवून बघा. उणे दहा-बारा दिसलं तर चारऐवजी दहा-बारा दिवस ठेवा. उणे सहाच दिसलं तर शेजाऱ्यांच्या दोन दाराच्या फ्रिजमध्ये जागा मागा. घणसोलीच्या इमारतींत एवढा शेजार अजून शिल्लक असावा.

खालच्या कप्प्यात, म्हणजे चार-पाच अंशांवर, कीड लवकर मरत नाही, तिची वाढ तेवढी थांबते. आधी फ्रीझरमधून काढलेला माल साठवायला ती जागा उत्तम. कीड लागलेला माल तिथे ठेवून ती मेली असं समजू नका.

ओलं होण्याचं कारण म्हणजे थंड मालावर आपली दमट हवा येऊन तिचं पाणी होतं. जुलैत ठाणे-नवी मुंबईची हवा बहुतेक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर दमट असते, तेव्हा तर फारच. म्हणून पिशवी फ्रीझरमधून काढल्यावर उघडायचीच नाही. बांधलेली तशीच रात्रभर ओट्यावर राहू द्या. दंव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरेल, ते फडक्याने पुसा आणि सकाळी माल कोरड्या बरणीत भरा. एवढी एक गोष्ट पाळली तर बेदाणा होता तसाच राहतो. बदाम, काजू, अक्रोड यांनाही हे चालतं, उलट खवट व्हायला वेळ लागतो.

आणि हे सगळं कीड दिसल्यावर करायचं नसतं. माल घरी आला त्या दिवशी करायचं.

प्रश्न : आमच्या लहानपणी कौलावर, अंगणात ऊन दिलं की वर्षभर खारकेला काही होत नसे. आता सोसायटी गच्चीची किल्ली देत नाही. खारकेत बारीक, चपटे, तपकिरी किडे झालेत, चटचट पळतात. ओव्हनमध्ये ऊन दिल्यासारखं करता येईल का? सूनबाई म्हणतात मायक्रोवेव्हमध्ये करा.
— एक आजोबा, खारेगाव, कळवा

उत्तर : आजोबा, तुमचा चपटा किडा म्हणजे करवती भुंगेरा असावा. अडीच-तीन मिलिमीटर लांब. भिंगातून मानेच्या मागे दोन्ही कडांना सहा-सहा दात दिसतील. पाकोळीसारखा तो आठवड्यात मरत नाही, प्रौढ भुंगेरा महिनोन् महिने जगतो. धड पाकीट कुरतडून आत जाणं त्याला जमत नाही, मात्र चपटा असल्याने सुटलेल्या शिलाईतून, अर्धवट सीलमधून सहज शिरतो. खारकेच्या बीजवळची पोकळी त्याची आवडती जागा.

अंगणातल्या उन्हाने तुमच्या वेळी अर्धं काम केलं, आणि ते मोठंच होतं. खारीक आणखी सुकायची, आणि भुंगेरे स्वतःच्या पायांनी चालते व्हायचे. तेवढ्या उन्हात मरायचे ते थोडेच. कीड मरायला माल आतून पन्नास अंशांच्या वर जावा लागतो. उघड्यावर पसरलेला माल मे महिन्यातही तिथवर जाईलच असं नाही, शिवाय किडा सावलीला सरकतो. गच्ची मिळालीच तर ताटाखाली काळं कापड आणि वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधा, आतली हवा कोंडली की तापमान चांगलं चढतं. आणि ऊन उतरायच्या आत माल उचला. पाकोळ्या तिन्हीसांजेला बाहेर पडतात, तेव्हा माल उघडा राहिला तर दिवसभराच्या कष्टावर पाणी.

ओव्हन चालेल, अट एकच : ७० अंश, पातळ थर, अर्धा तास. तुमच्या ओव्हनचा काटा १०० च्या खाली येत नसेल तर तो नाद सोडा. साखर करपते, अंजीर कडवट होतं. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सारखी पोचत नाही. एक खारीक जळते, शेजारची कोमट राहते, आणि कोमट राहिलेल्या खारकेतला किडा जगतो. सूनबाईंचा फ्रीझर दोन दारांचा असेल तर तोच बरा.

प्रश्न : अंजिरावर पांढरी पूड आली आहे. दुकानदार म्हणतो साखर आहे. खरं का?
— वाचक, मानपाडा, घोडबंदर रोड

उत्तर : बहुतेक वेळा खरं. अंजिरातली साखर सुकताना किंवा थंडीत वर येते, खजुरावरही येते. तरी खात्री करा. थोडी पूड चमच्यात घेऊन कोमट पाणी घाला. साखर असेल तर विरघळेल, बोट चिकट होईल. कापसासारखी, हिरवट-करडी असेल आणि कुबट वास असेल तर बुरशी. ती पुसून किंवा भाजून खाऊ नका. अंजिरावरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करतात आणि घरच्या आचेवर ते जात नाही.

तिसरी शक्यता कमी जणांना माहीत असते. पूड काळ्या कागदावर झटका आणि उजेडात दहा मिनिटं बघा. ती हलायला लागली तर त्या कोळीवर्गातल्या सूक्ष्म माइट. आंबूस, ओलसर झालेल्या सुक्या फळांवर येतात आणि काहींना त्यांनी अंगाला खाज सुटते. तो माल सरळ टाका, बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

प्रश्न : आमचा दहा जणींचा बचत गट आहे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी खारीक पूड आणि सुक्यामेव्याचं मिश्रण पाव किलोच्या पाकिटांत विकतो. गेल्या वर्षी गणपतीनंतर पाकिटं परत आली, आत अळ्या. एकाने धान्यात ठेवायच्या गोळ्या सुचवल्या. रसायन आम्हाला वापरायचं नाही. काय करावं?
— बचत गट, ऐरोली

उत्तर : आधी गोळ्यांचं. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. घरात अशा गोळ्या ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या दर थोड्या वर्षांनी येतात. त्या वापरायची परवानगी सरकारी यंत्रणांना आणि परवानाधारक कीडनियंत्रकांनाच आहे, तीही गोदामासाठी. जिथे तुम्ही राहता, झोपता, पोरं अभ्यासाला बसतात त्या खोलीत एकही गोळी नको. ज्याने सुचवल्या त्याला हे माझ्या नावाने सांगा.

तुमचं दुखणं पाकिटात नाही, पाकिटाच्या आधी आहे. चार गोष्टी तपासा, आणि क्रम मोडू नका.

कच्चा माल आला की पोती किंवा खोकी कामाच्या खोलीत आणायचीच नाहीत. बाहेर पडवीत उघडून पांढऱ्या कापडावर पसरा. बुडाशी पिठासारखी भुकटी, कोपऱ्यात जाळी किंवा पळणारे भुंगेरे दिसले तर ते पोतं परत. चांगला दिसलेला मालही चपट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये. दहा जणी आहात, एक जुना डीप फ्रीझर मिळून घेतलात तर तो एका हंगामात पैसे वसूल करेल असं मला वाटतं. तुमच्या परत आलेल्या पाकिटांची किंमत मांडून बघा.

दुसरं, मिक्सर आणि चाळण्या. खारीक पूड हे किडीचं सगळ्यांत लाडकं खाद्य, कारण दळताना बीजवळचं सगळं उघडं होतं. मिक्सरच्या भांड्याच्या रबराखाली, चाळणीच्या कडेला, वजनकाट्याच्या ताटाखाली गेल्या आठवड्याची पूड साचलेली असते. तिथे पिढ्या वाढतात आणि तुमचा स्वच्छ माल तिथेच पुन्हा बाटतो. मला अशा गटाला भेटायला बोलावलं की मी आधी मिक्सरचं रबर उचलून बघते.

तिसरं, पाकीट. साध्या पातळ पॉलिथीनला अळी आतून-बाहेरून भोक पाडू शकते, शिवाय त्यातून हवा झिरपते. आत चकाकता ॲल्युमिनियमचा थर असलेले लॅमिनेटेड पाऊच वापरा. सील मारल्यावर दर काही पाकिटांमागे एक पाण्यात दाबून बघा, बुडबुडा आला तर सीलिंगची पट्टी बदला. सीलमध्ये पुडीचा कण अडकला तर तिथून भुंगेरा शिरतो.

चौथं, आणि तुमच्या कामाचं, ऑक्सिजन शोषणारी पुडी. लहानशा पुडीत लोखंडाची बारीक पूड असते. ती गंजते आणि गंजताना पाकिटातला ऑक्सिजन शोषून घेते. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे लिटरभर हवेत २१० मिलिलिटर. तुमच्या पाव किलोच्या पाकिटात मोकळी हवा लिटरहून खूप कमी, त्यामुळे १०० मिलिलिटर क्षमतेची पुडी पुरेल. ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली गेला की किडीचा श्वास कोंडतो. अंडी आणि कोष जास्त दिवस तग धरतात, म्हणून भरलेलं पाकीट पंधरा दिवस नेहमीच्या खोलीत ठेवून मगच विक्रीला काढा. या काळात फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत कीड श्वासच कमी घेते आणि मरायला जास्त दिवस लागतात. पुड्यांचं मोठं पाकीट फोडलं की अर्ध्या तासात वापरून संपवा, उरलेल्या लगेच हवाबंद करा, नाहीतर त्या बाहेरच्या हवेतच गंजून वाया जातात. वर “खाण्याची वस्तू नाही” असं मराठीत लिहिलेली पुडी मिळाली तर तीच घ्या, बाळंतिणीच्या घरी लहान मूल असतंच.

एक सावधगिरी. ही युक्ती कोरड्या मालासाठी आहे. हाताला ओलसर लागणारा मऊ खजूर, भिजवून मऊ केलेलं अंजीर, तूप घातलेले लाडू असल्या पाकिटांत ती वापरू नका. बिनऑक्सिजनच्या ओलाव्यात वेगळेच जंतू वाढतात.

पॅकिंगच्या खोलीत एक फेरोमोन सापळा लावा. चिकट पुठ्ठा आणि त्यावर मादीचा कृत्रिम गंध, एवढाच तो असतो. प्लोडिया आणि काड्रा दोघींचे नर त्याला भुलतात. अडकतात फक्त नर, त्यामुळे सापळ्याने कीड संपेल अशी आशा धरू नका. मात्र तो तुमचा पहारेकरी आहे : दर सोमवारी नर मोजा, आकडा वाढला की खोलीत कुठेतरी मूळ आहे.

प्रश्न : मी फूड टेक्नॉलॉजी शिकतो. मोठ्या गोदामांत हजारो टन सुकामेवा असतो, तिथे फ्रीझर कुठला? तिथे रसायनाशिवाय कसं जमतं?
— विद्यार्थी, वाशी

उत्तर : बरीच वर्षं जमत नव्हतं, जमवायची गरजही कुणाला वाटत नव्हती. मिथिल ब्रोमाइडची धुरी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी माल मोकळा. हा वायू ओझोनचा थर खातो हे लक्षात आल्यावर १९९२ साली तो माँट्रियल कराराच्या यादीत आला. प्रगत देशांनी २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५ पर्यंत तो बंद करायचा ठरला, बंदरावरच्या विलगीकरणाची सूट सोडून. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मनुकांपासून तुर्कस्तानच्या अंजिरापर्यंत सगळे नव्या वाटा शोधू लागले.

सापडलेल्या वाटा तुझ्या घरच्या उपायांचीच मोठी रूपं आहेत. शीतगृह. गरम हवेची खोली. हवाबंद ताडपत्रीच्या तंबूत माल ठेवून आत नायट्रोजन सोडायचा किंवा कार्बन डायऑक्साइड साठ टक्क्यांवर न्यायचा. या शेवटच्या पद्धतीला दिवस लागतात, मिथिल ब्रोमाइडसारखं एका रात्रीत काम होत नाही, आणि व्यापाऱ्यांना तेच खटकतं. मला विचारशील तर एवढा उशीर परवडतो, माल सुकाच तर आहे.

चौथी वाट तुझ्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. वाशीत अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’चं विकिरण केंद्र २००० सालापासून चालू आहे, मुख्यतः मसाल्यांसाठी. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी बंद खोक्यातली कीड मारता येते किंवा वांझ करता येते. सुक्या फळांतल्या किडीला एक किलोग्रेपेक्षा कमी मात्रा पुरते. माल किरणोत्सारी होत नाही, पण पाकिटावर तसं लिहावं लागतं आणि ठरलेलं हिरवं चिन्ह छापावं लागतं. एकदा रीतसर परवानगी काढून बघून ये.

किडीला किडीने मारायचीही सोय आहे. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातली, टाचणीच्या टोकाएवढी माशी पाकोळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. युरोपात तिची कार्डं घरगुती वापरासाठीही विकली जातात. आपल्याकडे हीच कार्डं ऊस नि कपाशीसाठी बनतात, आणि गंमत अशी की ती वाढवायला प्रयोगशाळेत तांदळावरच्या पाकोळीची अंडी वापरतात. म्हणजे साठवणीतली कीड शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. बीटी जिवाणूही अळीला मारतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस. कीड बीटीला दाद देईनाशी होते हे पहिल्यांदा १९८५ साली दाखवलं गेलं, ते अमेरिकेतल्या धान्याच्या कोठारांत, आणि तो कीटक दुसरा कुणी नसून आपली प्लोडियाच होती.

प्रश्न : अर्धं अंजीर खाल्ल्यावर उरलेल्या अर्ध्यात अळी दिसली. आई चातुर्मास पाळते, ती दोन दिवस जेवली नाही. काही अपाय होईल का?
— वाचक, नेरुळ

उत्तर : शरीराला सहसा काही होत नाही. पोटातलं आम्ल तिला पुरून उरतं आणि ती पोटात वाढत नाही. कुणाला किड्यांची ॲलर्जी असेल, अंगावर पित्त उठलं किंवा घसा धरला तर मात्र डॉक्टरांकडे जा. आईंच्या मनाचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं करता येईल, की यापुढे अंजीर उभं चिरून, आत पाहून मगच ताटात द्या. माझ्याकडेही पाहुण्यांसमोर अख्खं अंजीर कधी ठेवलं जात नाही.

प्रश्न : जांभळी नाक्यावर सुटा सुकामेवा स्वस्त मिळतो, पाकिटातला महाग. सुटा घ्यावा का? घेताना काय बघावं?
— नवविवाहित जोडपं, नौपाडा

उत्तर : घ्या, मीही घेते. ज्या दुकानात माल भराभर खपतो तिथे घ्या, धूळ बसलेल्या बरणीतला नको. वरचा मूठभर माल दुकानदार नेहमी चांगला ठेवतो, म्हणून बुडाचा मागा. पांढऱ्या कागदावर ओतून हलवा आणि खाली काय पडतं ते बघा. एकमेकांना धाग्याने लागलेले दोन बेदाणे दिसले तरी तिथून निघा. आंबूस वासाचे जर्दाळू-खजूर घेऊ नका, त्या वासावर सुक्या फळांचा भुंगेरा लांबून येतो. चमकदार सोनेरी बेदाण्यांना बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. ती रंगासाठी. रसायन अजिबात नको असेल किंवा घरात दमेकरी असतील तर काळपट-तपकिरी बेदाणे घ्या.

घरी आल्यावर थेट फ्रीझर. नवा माल जुन्याच्या डोक्यावर ओतू नका. जुना संपवा, बरणी धुवून खडखडीत कोरडी करा, मग नवा भरा. श्रावण-भाद्रपदात प्रसादाला लागेल तेवढाच पाव किलो आणा. गणपतीच्या तोंडावर भाव चढतो हे खरं, पण दोन किलो आधी आणून त्यातला अर्धा टाकायला लागला तर तो आणखी महाग पडतो.